माझ्या काटेरी तारेवर गल्लीचा दसरा

आमच्या कुंपणावर काटेरी तार मी लावून घेतली. त्यानंतर जे काही झालं, ते गल्लीनं केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्याकडं ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण भलत्याच जागेवरून सुरुवात करतो आणि ऐकणारा माझ्याकडं बघून हसतो.

आमचं घर जालन्यात, भोकरदन नाक्याच्या पुढं, कोपऱ्याच्या प्लॉटवर. कोपऱ्याचा प्लॉट घेतला तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. "दोन बाजूंनी रस्ता! दिवसभर ऊन! मोकळी हवा!" दोन बाजूंनी रस्ता म्हणजे दोन बाजूंनी माणसं, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. समोर गल्ली, बाजूला बोळ आणि दोन्हीकडं माणसाच्या उंचीची तारेची जाळी. जाळीतून सगळं दिसतं. मी अंगणात वांगी चिरायला बसले की बोळातून जाणारा थांबून विचारणार, "काय मॅडम, आज भरलं वांगं वाटतं?" (मी शाळेत गणित शिकवते, म्हणून सगळी गल्ली मला मॅडम म्हणते. मान तेवढ्यापुरताच. त्यापुढं माझं कोणी ऐकत नाही.)

बोळाच्या बाजूला, जाळीला लागून, माझं सीताफळाचं झाड आहे. रोप मी आणलं, खड्डा मी खणवला, उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणी बादलीनं वाहून मी घातलं. आणि फळं? फळं गल्ली खाते! दरवर्षी तेच. आज एखादं फळ हेरून ठेवावं, डोळे जरा उघडलेत, उद्या काढू म्हणावं, आणि उद्या तिथं नुसता देठ! एका वर्षी मी प्रत्येक फळाला फडकं बांधलं. फळं गेली आणि फडकी व्यवस्थित घडी घालून जाळीत खोचून ठेवलेली! म्हणजे चोरी तर चोरी, वर टापटीप!

"अगं, खाऊ दे की," आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे. "झाडाचं फळ आहे. कोणीतरी खाणारच."

"कोणीतरी का? मी का नाही?"

यावर ह्यांनी पेपराचं पान उलटलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाला संताप म्हणून आलेला मी पाहिला नाही. त्यामुळं घरातला सगळा संताप मला एकटीलाच करावा लागतो.

यंदा तर हद्द झाली. आमची पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लेकीला दिवस गेलेत, अंगणात सीताफळाचं झाड लगडलंय आणि मी बाजारातून सीताफळं विकत आणते! आणून पुढ्यात ठेवली तर म्हणते, "नको गं आई, आत्ताच पोट भरलंय." पोरीची खाण्यावरची वासनाच उडाली, असं वाटून माझा जीव कळवळला. त्याच दिवशी मी ठरवलं. चोर जाळीवरून चढून येतात, तर जाळीच्या वर काटेरी तार!

जुन्या जालन्यातून एक फॅब्रिकेशनवाला बोलावला. त्यानं जाळीकडं पाहिलं, झाडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"वरून अँगल लावू आन् त्याच्यात तार. अँगल आत वाकवू का बाहेर, मॅडम?"

"बाहेर! चोराच्या तोंडावर आले पाहिजेत काटे!"

"किती लायनी?"

"तीन!"

"गेटवरून बी टाकू? डिझाईन बराबर दिसते."

"टाका! गेट का सोडायचं?"

दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या. संध्याकाळी माझं घर असं दिसायला लागलं की समोरून जाणारा कुत्राही दोन पावलं मागं सरकला. मला जे समाधान वाटलं ते काय सांगू! मी अंगणात खुर्ची टाकून नुसती वर बघत बसले. तेवढ्यात माझ्या सासूबाई बाहेर आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. नातसुद्धा आजी म्हणायची ती त्यांच्या पाठीमागं, तोंडावर आत्याबाईच. त्या राहतात कुंभार पिंपळगावला, धाकट्या दिरांकडं, पण पल्लवीच्या बाळंतपणाला म्हणून खास आल्या होत्या.

"सूनबाई," त्या वर बघत म्हणाल्या, "हे काय जेल करून राह्यली का?"

"चोरांसाठी आहे, आत्याबाई."

"कोन चोर?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकायला न थांबता आत निघून गेल्या.

आता माझी चूक सांगते. चूक एकच. तार लावली ती नेमकी दसरा काढायच्या आठवड्यात. आमच्याकडं दसरा काढायचा म्हणजे घट बसायच्या आत घरातलं जेवढं म्हणून कापड आहे तेवढं धुऊन काढायचं. गोधड्या, चादरी, पडदे, सतरंज्या, पेटीत घडी घालून ठेवलेली आणि वर्षभर कोणी न नेसलेली लुगडी, सगळं! जालन्यात त्या आठवड्यात बाईमाणूस दिसलं की समजायचं, हिच्या कोपरापर्यंत साबण आहे. आणि धुऊन झालं की वाळत घालायला सगळ्यांना माझी जाळी! कारण काय, तर कोपऱ्याचा प्लॉट, दिवसभर ऊन. वर्षानुवर्षं गल्लीच्या गोधड्या माझ्या जाळीवर वाळतात आणि मी त्या ओल्या भिंतीआड, अंधारात बसून वह्या तपासते. म्हटलं, चला, एका तारेत दोन्ही बंदोबस्त झाले. सीताफळंही वाचली आणि गोधड्याही गेल्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या शोभावहिनी बादली घेऊन आल्या. बादलीत पिळलेली गोधडी. त्यांनी वर पाहिलं. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, आता कळेल! शोभावहिनींनी गोधडीचं एक टोक धरलं, झोका दिला आणि गोधडी वर भिरकावली. गोधडी तारेवर बसली आणि काट्यांनी अशी गच्च धरली की जागची हलेना. वारा सुटला होता, तरी हलेना!

"आगं बया!" शोभावहिनी टाळी वाजवून ओरडल्या. "अगं मंगल, जल्दी ये! चिमटेच लागत न्हाईत! मॅडमनं काय सोय केली बघ!"

सोय! मी धावत बाहेर गेले.

"शोभावहिनी, ती चोरांसाठी तार आहे! काटे आहेत तिला! गोधडी फाटेल!"

"गोधडीला काय फाटतंय, मॅडम?" त्या शांतपणे म्हणाल्या. "ती फाटक्याचीच अस्ती."

मी कपाळावर हात मारून घेतला.

तासाभरात सगळी गल्ली आली. मग मागची गल्ली आली. मग ज्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं अशा बाया रिकाम्या हातानं यायला लागल्या, वर बघायच्या, मान डोलवायच्या आणि घरी जाऊन बादल्या घेऊन यायच्या. "पह्यले जाळी लई ठेंगणी होती, गोधडी खाली लोळायची. आता बराबर उंची झाली!" "अन् अँगल बाहेर काढले ते बिलकुल चांगलं केलं. जाळीला टेकत न्हाई, हवा खेळती ऱ्हाती!" मी चोराच्या तोंडावर काटे काढले होते आणि बाया माझ्या हवेशीरपणाचं कौतुक करत होत्या!

घरचे तरी माझ्या बाजूनं असावेत? आत्याबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या (माझ्याच खुर्चीवर!) आणि हातातल्या काठीनं हुकूम सोडायला लागल्या. "जड गोधड्या तिकडं कडंला. चादरी मधात. ए पोरी, सतरंजी अशी दुमडून नको टाकू, वाळंल कशी?" आमचे हे उंच, म्हणून सगळ्या बाया "भाऊजी, एवढं जरा" म्हणून त्यांच्या हातात ओलं कापड देत होत्या आणि हे ते हसत हसत वर टाकत होते. घरातला पडदा काढून द्या म्हणून मी वर्षभर सांगत होते, तेव्हा ह्यांची पाठ धरली होती!

मी आत गेले, पुठ्ठा घेतला, ठळक अक्षरात लिहिलं: "काटेरी तार. धोका. हात लावू नये." आणि जाळीला बांधला. दुपारी बघते तर पुठ्ठ्यावर कोणाचातरी परकर वाळत होता.

आत्याबाईंनी होणाऱ्या बाळासाठी मऊ जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलं होतं. तेही धुऊन त्यांनी ह्यांच्याकरवी नेमकं गेटाच्या वरच्या तारेवर घातलं. "तिथं ऊन चांगलं लागतंय," म्हणाल्या. मी आत जाऊन दार धाडकन लावलं.

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी तार भरून वाकली होती. दुपारी जेवणं आटोपली आणि भोकरदनच्या बाजूनं आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस. तो काही सांगून येत नाही. पहिला टपोरा थेंब पडला आणि सगळ्या घरांतून एकच आरडाओरडा झाला, "गोधड्या! गोधड्या!"

बाया धावत आल्या. ओढायला लागल्या. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की चिमटे लागत नाहीत ते ठीक आहे, पण काटे सोडतही नाहीत! गोधडी भिजून जड झालेली, वर काट्यांनी धरलेली, खाली बाया लोंबकळलेल्या.

"ओढू नका!" मी व्हरांड्यातून ओरडले. "उचलून काढा! वर उचला!"

"एकदम ओढा गं! एक, दोन..."

तीन म्हणायच्या आत गेटाच्या बाजूचा अँगल खाडकन तुटला. मग त्याच्या शेजारचा. मग वेल्डिंग एकामागून एक सुटत गेलं आणि समोरची सगळी तार, गोधड्यांसकट, चादरींसकट, परकरासकट गेटाच्या बाहेरच्या अंगाला धाडकन येऊन पडली. कोणाला लागलं नाही, हे खरं. पण गेटासमोर भिजल्या कापडाचा आणि काट्यांचा असा ढीग झाला की पलीकडच्या बायांची नुसती डोकी दिसत होती.

मला असा संताप आला! मी पदर खोचला आणि पायऱ्या उतरले.

"आई," मागून पल्लवी म्हणाली.

"थांब गं! आधी मला यांच्याकडं बघू दे! शोभावहिनी, मी तुम्हाला सांगितलं होतं का नव्हतं?"

"आई गं."

"अगं थांब म्हणते ना!"

"आई, पोटात कळा येऊन राह्यल्यात."

मी खोचलेल्या पदरानिशी तशीच मागं फिरले. ह्यांनी फोन करून नाक्यावरचा ओळखीचा ऑटो बोलावला. ऑटो आला, ढिगापलीकडं उभा राहिला. मी गेट ढकललं. आमचं गेट बाहेर उघडतं. ते बोटभरसुद्धा हललं नाही.

पलीकडून बाया ढीग ओढत होत्या, अलीकडून आम्ही ढकलत होतो. एक गोधडी सुटायची, तर तिच्या काट्याला दुसरी अडकलेली. एका बाईचा हात ओरबाडला. पल्लवी व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभी, चेहरा पांढरा. आत्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "पहिलटकरणीला टाईम लागतो, भिऊ नको माय."

मला दुसरं काही सुचेना. खुर्ची घेतली, बोळाच्या बाजूला जाळीला लावली आणि चढले. म्हटलं, आपण बाहेर उडी मारू आणि गेटासमोरचा ढीग ओढू. (माझं वय, माझं वजन, काही काही डोक्यात आलं नाही.) वर पोचले आणि पदर तारेत अडकला. सोडवायला गेले तर बाही अडकली. बाही सोडवायला वाकले तर अंबाडा! खर्च करून, एवढा गाजावाजा करून लावलेल्या त्या तारेत आजतागायत एकच माणूस अडकलं, ते मी.

तिथं, खुर्चीवर, पावसात, हात वर करून उभी असताना मला रडूच फुटलं. माझी लेक कळा देतेय आणि मी तिला माझ्या हातानं कोंडून ठेवलंय. चारचौघांत, गल्लीसमोर मी लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले.

"आई, रडू नको ना," पल्लवी धापा टाकत म्हणाली. मग जाळीबाहेर बघून ओरडली, "शोभाकाकू! असं काय उभ्या आहात? ती तार फिरवा ना!"

"कोणती तार?" मी वरून विचारलं.

शोभावहिनींनी शेजारच्या मंगलकडं पाहिलं. मंगलनं ह्यांच्याकडं पाहिलं. हे आभाळाकडं बघायला लागले.

"काकू, कळ येतेय मला!"

मग शोभावहिनी बोळात आल्या. माझ्या सीताफळाच्या झाडामागं, माझ्या डोळ्यांदेखत, त्यांनी जाळीतली एक उभी तार चिमटीत धरली आणि गरगर गरगर फिरवत वर काढली. जाळी म्हणजे शेवटी एकात एक गुंतवलेल्या तारा. एक काढली की संपलं! वरपासून खालपर्यंत जाळी दोन भागांत उघडली. शोभावहिनींनी एक भाग इकडं सारला, एक तिकडं सारला. चांगलं माणूस ताठ चालत जाईल एवढं दार!

"खालचा आकडा राह्यला," हे आतून म्हणाले, वाकले आणि न बघता तो सोडवला. न बघता!

"अहो!" मी म्हणाले.

"नंतर बोलू," म्हणून ह्यांनी छत्री उघडली आणि पल्लवीला धरून बाहेर नेलं. मागून आत्याबाई. गुडघेदुखीमुळं ज्यांना घराचा उंबरा काठीशिवाय ओलांडता येत नाही, त्या माझ्या सासूबाईंनी जाळीच्या खालच्या तारेवरून पाय अलगद उचलला आणि पलीकडं गेल्या. काठी काखेत होती!

ऑटो बोळात फिरवून आणला होता. "मला सोडवा!" मी ओरडले. "तू ये मागून!" हे म्हणाले, आणि ऑटो गेला.

शोभावहिनी त्याच दारानं आत आल्या, स्टुलावर चढल्या, माझा अंबाडा सोडवायला लागल्या.

"हलू नका, मॅडम."

"कधीपासून आहे हे?"

"झाड फळाला आल्तं तवापासून." त्या एक एक केस सोडवत होत्या. "भाऊजीच म्हणले, जाळीवरून चढू नका, कोणी पडंल. मंग त्यांनीच तार फिरवून दावली."

"आणि पल्लवी?"

"तिला रोज दुपारी आम्ही झाडाखालीच खाऊ घालायचो की. तुम्ही शाळेत राहायच्या. पोटुशी पोर, तिला पिकलेलं नको का?"

पोट भरलंय, म्हणत होती ती! बाजारची सीताफळं मी एकटीनं खाल्ली होती आणि मला पित्त झालं होतं.

"मला का नाही सांगितलं कोणी?"

शोभावहिनींनी शेवटचा केस सोडवला. "तुम्ही चिडल्या असत्या," म्हणाल्या.

मी? मी कशाला चिडेन!

मी त्या दारातून बाहेर पडले तेव्हा माझी चप्पल खालच्या तारेत अडकली. बाकी कोणाची अडकत नव्हती. शोभावहिनींच्या मुलाच्या गाडीवर मागं बसून दवाखान्यात पोचले. संध्याकाळी पल्लवीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. त्या इवल्याशा तोंडाकडं बघून मी पुन्हा रडले, पण या वेळी मला कोणी रडू नको म्हटलं नाही. दुपटं तारेत अडकून राहिलं होतं, म्हणून नात दवाखान्याच्या चादरीत गुंडाळली. तरी छान दिसत होती.

चार दिवसांनी लेक घरी येणार, तर मी सगळं नीट करून घेतलं. तार काढून टाकली, ती तर भंगारातच गेली. गेटाला तेलपाणी केलं, रंग दिला, पायऱ्यांवर रांगोळी काढली, गेटावर आंब्याच्या डहाळ्याचं तोरण बांधलं. भाकरतुकडा, तांब्याभर पाणी, आरतीचं ताट, सगळं तयार. नवी साडी नेसून मी ताट हातात घेऊन गेटात उभी राहिले. नातीचं पहिलं पाऊल आपल्या गेटातून पडणार! डोळे भरून आले होते माझे.

ऑटोचा आवाज आला. मी ताटातलं निरांजन लावलं. ऑटो आला, वळला आणि बोळात गेला. कोणाचीतरी हाक ऐकू आली, "सावकाश, सावकाश, पाय उचलून!" मग हसणं. मग बाळाचं रडणं. मग शिट्ट्यासुद्धा ऐकू आल्या. (शिट्ट्या कोणी मारल्या हे मी अजून शोधतेय.)

"अहो!" मी ओरडले. "इकडून! गेट इकडं आहे!"

आत, माझ्या घरातून, आत्याबाईंचा आवाज आला, "सूनबाई, तिथं काय करून राह्यली उन्हात? शोभानं ओवाळलं बी. जल्दी ये, पोरगी झोपून राह्यली पाळण्यात!"

निरांजन वाऱ्यानं विझलं होतं. मी ताट एका हातात धरलं आणि आत निघाले. पण निघताना गेट बंद केलं, कडी घातली, वर कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. घरात लहान लेकरू आहे, कोणीही आत शिरायला नको!